डावी मांडी उघडत नाही: 17 महिन्यांच्या मुलीच्या निखळलेल्या खुब्याचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली ही मुलगी, आईवडिलांचं पहिलं अपत्य. आमच्याकडे आली तेव्हा 17 महिन्यांची होती. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: 'डाव्या पायाने लंगडते, खुबा तपासावा.' ताप नाही, दुखणं नाही, कुठे पडल्याचं कुणाला आठवत नाही. पोरगी ओपीडीत खुर्च्यांच्या मधून हिंडत होती आणि अगदी मजेत होती. पण डाव्या पायावर भार आला की तिचं अंग डावीकडे झुकायचं आणि कंबरेची उजवी बाजू खाली जायची. डावी टाच पुरती टेकत नव्हती. त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या पावलाला हेलकावा बसत होता.

तिला आईच्या मांडीवरच उताणं झोपवलं. दोन्ही गुडघे दुमडून पावलं शेजारी शेजारी ठेवली, तर डावा गुडघा उजव्यापेक्षा स्पष्ट खाली दिसत होता. मग दोन्ही मांड्या हळूहळू बाहेर उघडून पाहिल्या. उजवी जवळपास 70 अंशांपर्यंत सहज गेली. डावी 40 च्या आसपास अडली आणि पुढे जाईना. रडणाऱ्या मुलाने पाय आखडून घेतला तर असं वाटू शकतं, पण ही रडत नव्हती, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत होती.

मी आईला विचारलं, "हे आधी कधी लक्षात आलं होतं का?" आईच्या आधी आजीच बोलल्या. "डॉक्टर, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी तिसऱ्या महिन्यातच सांगितलं व्हतं. म्हणाल्या, हिची डावी मांडी उजवीवानी फाकत न्हाई. आमी इचारलं बी. पोर आखडून धरती म्हणाले."

या प्रकरणाची सगळी गोष्ट त्या वाक्यात आहे. निदान तिसऱ्या महिन्यातच झालं होतं. ते पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ आडवं घेणाऱ्या बाईंच्या हाताने केलं होतं. शिक्का असलेल्या कागदावर ते यायला आणखी 14 महिने गेले.

एक्स-रेने शंका उरू दिली नाही. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या त्याच्या वाटीच्या बाहेर, वर आणि कडेला सरकलेला होता. निरोगी खुब्यात मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत एक सलग कमान काढता येते. उजवीकडे ती होती, डावीकडे तुटलेली होती. गोळ्याच्या मध्यभागी हाड तयार होण्याचा जो ठिपका दिसतो, तो डावीकडे उजव्याच्या जेमतेम निम्मा होता. वाटीच्या छताचा उतार मोजला: उजवीकडे 24 अंश, डावीकडे 38. या वयात तो 25 च्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवा. डावी वाटी उथळ राहिली होती, आणि ती उथळ राहिली कारण तिच्यात गोळाच नव्हता. वाटीला खोली येते ती गोळ्याच्या दाबाने. एक दुसऱ्यात नसेल तर दोन्ही बिघडतात, आणि दर महिन्याला आणखी बिघडत जातात.

पायाळू, पहिली मुलगी, डावा खुबा

फाइल चाळताना जोखमीच्या गोष्टी एकामागून एक सापडत गेल्या. मूल पायाळू होतं, म्हणून 38 व्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी होती, आणि या दोषाच्या दर पाच मुलांमध्ये साधारण चार मुली असतात. पहिलं बाळंतपण होतं, त्यामुळे गर्भाशय ताठ आणि जागा कमी. डावा खुबा असणंही नेहमीचंच, कारण पोटात बहुतेक बाळांची पाठ आईच्या डाव्या बाजूला असते आणि त्यांची डावी मांडी आईच्या कण्यावर दाबली जाऊन आत वळते.

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे काय काय बोललं जातं! त्याने पाठीवर पाय दिला की उसण जाते, त्याला गुप्तधन दिसतं, विजेपासून त्याला जपावं लागतं. आजींना हे सगळं ठाऊक होतं. पायाळू बाळाचे खुबे तपासून घ्यावे लागतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सिझेरियन झालं म्हणून हा धोका जात नाही. प्रश्न बाळ कुठल्या वाटेने बाहेर आलं याचा नाही, शेवटचे आठवडे ते पोटात कसं बसलं होतं याचा आहे. अशा प्रत्येक बाळाची, तपासणीत काही सापडो न सापडो, साधारण सहाव्या आठवड्याला खुब्याची सोनोग्राफी व्हायला हवी. या मुलीच्या डिस्चार्ज कार्डावर 'ब्रीच' ठळक अक्षरात होतं. सोनोग्राफीचा उल्लेख कुठेच नव्हता.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही विचारल्यावर. पहिले तीन महिने बाळाचे पाय सरळ करून, जुन्या लुगड्याच्या दुपट्यात घट्ट बांधून ठेवत असत. नाहीतर पाय फेंगडे होतात, अशी समजूत. ती आजींच्या एकटीची नाही, गावोगाव आहे. नवजात बाळाचे पाय दुमडलेले आणि बाहेर फाकलेलेच असतात, आणि तसेच असायला हवेत. त्याच स्थितीत गोळा वाटीत नीट बसतो. ते जबरदस्तीने सरळ केले तर कच्चा खुबा बाहेर ढकलला जातो. जपानमध्ये 1975 पासून बाळाचे पाय ताठ बांधू नयेत अशी देशभर मोहीम झाली आणि तिथे या दोषाचं प्रमाण फार खाली आलं. बाळाला गुंडाळायला कुणाची हरकत नाही. हात-छाती गुंडाळा, पण कंबरेखाली दुपटं सैल सोडा, म्हणजे बाळाला गुडघे वर घेता येतील. आंघोळीनंतर बाळाला घोट्यांना धरून उलटं लोंबकळवायची पद्धत काही घरांत आहे, ती मात्र पूर्ण बंद व्हावी. मूल मान धरू लागलं की आपल्याकडे त्याला कडेवर घेतात, पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना टाकून. ते खुब्यासाठी उत्तमच. ही मुलगीही पाचव्या महिन्यापासून कडेवरच असे, पण तोवर तिचा खुबा बाहेर जाऊन बसला होता.

पाच वेळा हातात आलेलं मूल

लसीकरणाचं कार्ड आईने जपून ठेवलं होतं. जन्मानंतर, मग 6, 10 आणि 14 व्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात: प्रत्येक डोस वेळेवर. म्हणजे आरोग्य सेवेतल्या कुणा ना कुणाच्या हातात हे मूल पाच वेळा आलं होतं. त्यातल्या किमान तीन भेटींत उपचार फक्त पट्ट्यांनी झाला असता.

यात एकट्या कुणाला दोष देऊन उपयोग नाही. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात रांग असते, सिस्टरला नोंदी भरायच्या असतात आणि मूल बरं दिसत असतं. हा आजार दुखत नाही, तापत नाही, सुजत नाही. निखळलेला खुबा घेऊन मूल हसतं, रांगतं, आणि जवळपास वेळेवर चालायलाही लागतं. ही मुलगी पंधराव्या महिन्यात चालली. वेदना नसली की घाई करणारं कुणी नसतं.

चालायला लागल्यावर लंगडणं दिसलं, तेव्हा आधी ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले. मग कुणी सांगितलं म्हणून एका हाडवैद्याकडे नेलं, त्याने तेल लावून पट्टी बांधली. शेवटी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात दोषांची जी यादी आहे, त्यात खुब्याचा हा दोष आहे. पथकातल्या डॉक्टरताईंनी मुलीला चार पावलं चालायला लावली आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. हे काम त्यांनी चोख केलं, आणि ऑपरेशनचा खर्चही पुढे याच वाटेने सुटला.

तपासणी अवघड नसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन परीक्षा करतात. इटलीतल्या ऑर्तोलानींनी 1937 च्या सुमारास सांगितलेली, ज्यात बाहेर असलेला गोळा मांडी उघडताना आत सरकल्याचं हाताला कळतं, आणि बार्लो यांची 1962 मधली, ज्यात आत असलेला गोळा हलक्या दाबाने बाहेर जातो का ते पाहतात. जन्मतः सैल असलेले बरेच खुबे पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात, म्हणून एकच तपासणी पुरत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. तिसऱ्या महिन्यानंतर स्नायू आखडतात आणि या परीक्षा फसव्या ठरतात. तिथून पुढे सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडणं. मांडीवरच्या घड्या कमीजास्त असणं ही खूण लोकांना जास्त माहीत आहे, पण बऱ्याच निरोगी बाळांतही घड्या सारख्या नसतात. मावशींनी जे पकडलं, ते नेमकं आणि योग्य वयात पकडलं होतं. खुबे दोन्ही बाजूंचे निखळलेले असले की तुलनेला चांगली बाजूच राहत नाही, तिथे अनुभवी हातही चकतो.

लंगडणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी इथे एक जाणून घ्यावं: खुब्याचे आजार वय पाहून बदलतात. मूल चालायला लागल्यापासून न दुखता लंगडत असेल, तर पहिला संशय या निखळलेल्या खुब्याचा. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला सर्दी-तापानंतर अचानक जांघेत दुखून लंगडणं आलं आणि काही दिवसांत गेलं, तर ती बहुधा सांध्याची तात्पुरती सूज. पण ताप जोरात आहे, मूल पाय टेकूच देत नाही, रक्तात पांढऱ्या पेशी आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) वाढलेत, तर सांध्यात पू झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, कारण तो सांधा दिवसांत नव्हे, तासांत खराब होतो. साधारण चार ते आठ वर्षांच्या, बहुतेक वेळा मुलग्यांमध्ये, गोळ्याचा रक्तपुरवठा तात्पुरता तुटून तो मऊ पडतो, त्याला पर्थेस म्हणतात. त्यात वर्ष-दोन वर्षं गोळ्याचा आकार सांभाळणं हाच उपचार. आणि दहा ते सोळा वर्षांचा वजनदार मुलगा 'गुडघा दुखतो' म्हणाला, तर गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे काढलाच पाहिजे. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या रेषेवरून (हाड जिथून वाढतं त्या कुर्च्याच्या थरावरून) घसरतो आणि त्याची कळ गुडघ्यात उतरते. अशा मुलाला चालू द्यायचं नाही, गोळा स्क्रू घालून जागच्या जागी धरायचा.

काय करता आलं असतं, आणि काय करावं लागलं

तिसऱ्या महिन्यात ही मुलगी आली असती तर पाव्हलिक पट्टे लावले असते. खांद्यावरून येऊन पायांना धरणारे हे मऊ पट्टे गुडघे वर आणि मांड्या बाहेर ठेवतात. मूल पाय हलवत राहतं आणि हलवता हलवताच गोळा वाटीत बसतो. साधारण सहा ते बारा आठवडे, जवळपास चोवीस तास. तीन-चार आठवड्यांत गोळा बसला नाही तर पट्टे काढून पुढचा मार्ग धरायचा, हट्टाने चालू ठेवले तर वाटीची मागची कड झिजते. सहा महिन्यांनंतर मूल इतकं उलथंपालथं होतं की पट्ट्यांचा उपयोग राहत नाही. तिथून दीड वर्षापर्यंत भूल देऊन गोळा हाताने बसवायचा आणि प्लास्टर घालायचं. दीड वर्षानंतर बहुतेकांचा खुबा उघडूनच बसवावा लागतो.

आमची रुग्ण नेमकी या सीमेवर होती. वडिलांचा पहिला प्रश्न होता, "पोटऱ्या-मांड्यांचा व्यायाम, मालिश करून नाही का बसणार?" त्यांना एक्स-रे खिडकीकडे धरून दाखवला. वाटी रिकामी होती. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे जागाच भरलीय दुसऱ्या कशानं तरी." अगदी खरं होतं ते. रिकाम्या वाटीत चरबी भरते, गोळ्याला वाटीशी जोडणारा दोर जाड होतो, वाटीच्या तळाचा आडवा पट्टा आखडतो, आणि पुढून जाणारा स्नायू सांध्याच्या पिशवीला मध्येच आवळतो.

तपासण्या आणि तारीख मिळेपर्यंत ती 18 महिन्यांची झाली. भूल दिल्यावर आधी जांघेतला आखडलेला स्नायू सोडवून गोळा हाताने बसवून पाहिला. सांध्यात रंगद्रव्य सोडलं, तर गोळा आणि वाटीच्या तळात रंगाचं मोठं तळं दिसलं. म्हणजे गोळा खोल जात नव्हता. मांड्या खूप फाकवल्या तरच तो आत राही.

फाकवून तसंच प्लास्टर करता आलं नसतं का? एकेकाळी तसंच करत. व्हिएन्नाचे आडोल्फ लोरेंत्स रक्ताचा थेंब न सांडता खुबा बसवण्यासाठी इतके प्रसिद्ध होते, की 1902 मध्ये शिकागोच्या आर्मर या धनाढ्य उद्योगपतीने मुलीच्या उपचारासाठी त्यांना अमेरिकेत बोलावून घेतलं. त्यांच्या पद्धतीत मांड्या पूर्ण 90 अंशांत बाहेर बांधत. पुढे कळलं की अशा ताणात गोळ्याच्या रक्तवाहिन्या दबतात आणि गोळा आतून मरतो. निखळलेला खुबा मूल सहन करतं, मेलेला गोळा आयुष्यभर छळतो. म्हणून आज मांड्या माफक, 40 ते 55 अंशच उघडतात. त्यात गोळा टिकत नसेल तर खुबा उघडायचा.

आम्ही जांघेच्या घडीतून, पुढून खुबा उघडला. चरबी काढली, जाड दोर काढला, आडवा पट्टा कापला, पुढचा स्नायू लांबवला. गोळा आत गेला. पण पाय सरळ केला की तो पुढून उघडा पडत होता, 38 अंशांचं छप्पर त्याला झाकायला पुरत नव्हतं. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया याच वेळेसाठी आहे: वाटीच्या वर ओटीपोटाचं हाड कापून संपूर्ण वाटी पुढे आणि बाहेर वळवायची, आणि झालेल्या फटीत त्याच हाडाच्या वरच्या कडेचा त्रिकोणी तुकडा बसवून दोन तारांनी पक्का करायचा. 18 महिन्यांच्या मुलीला हे लगेच करावं का, यावर दोन मतं आहेत. नुसता गोळा बसवून वाटी आपोआप सुधारायची वाट पाहणारेही चांगले सर्जन आहेत. माझं मत असं, की टेबलवर गोळा उघडा पडताना दिसतोय तर वाट पाहू नये. मूल घरापासून दूर, दुसऱ्यांदा भूल आणि दुसऱ्यांदा प्लास्टर ही वेळ त्या कुटुंबावर येऊ नये. मांडीचं हाड आखूड करायची गरज पडली नाही. ती दोन-अडीच वर्षांपुढच्या मुलांत बऱ्याचदा पडते.

प्लास्टरमधले सहा आठवडे

छातीच्या खालपासून डाव्या घोट्यापर्यंत आणि उजव्या गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर, पोटावर जेवणानंतर फुगायला भोक, शी-शूसाठी खाली मोकळी जागा. मुलीपेक्षा आई-आजीच जास्त घाबरल्या होत्या. ऑपरेशनबद्दल सर्जन तासभर बोलतो आणि प्लास्टरबद्दल पाच मिनिटं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. घरी गेल्यावर मात्र सहा आठवडे फक्त प्लास्टरच असतं.

आमच्या सिस्टरने दोघींकडून वॉर्डमध्येच सगळं करून घेतलं. लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत चारही बाजूंनी खोचायचा, त्यावरून मोठ्या मापाचा दुसरा बांधायचा. दर दोन तासांनी आतला तपासायचा, रात्रीही तीन-चार तासांनी. एकदा लघवी प्लास्टरच्या कापसात मुरली की वास जात नाही आणि कातडी सोलवटते. शी-शूच्या जागेच्या कडांना प्लास्टिकची चिकटपट्टी लावायची. डोकं पायांपेक्षा थोडं उंच ठेवायचं, म्हणजे लघवी मागे पाठीकडे ओघळत नाही. पावडर टाकायची नाही, आत ती गोळे होऊन टोचते. खाज आली म्हणून पट्टी-पेन्सिल आत घालायची नाही. दोन पायांमधल्या आडव्या दांडीला धरून उचलायचं नाही. पायाची बोटं दिवसातून अनेकदा पाहायची: गुलाबी आहेत ना, गरम आहेत ना, हलतात ना. निळी पडली, सुजली किंवा मूल न थांबता रडायला लागलं, तर रात्रीसुद्धा निघायचं.

आजींनी गावी गेल्यावर आपली भर घातली. फ्रॉकच्या दोन्ही बाजू उसवून नाड्या लावल्या, म्हणजे प्लास्टरवरून घालता येई. गोधड्यांच्या गुंडाळ्या करून तिला दारात पालथी आणि उताणी आळीपाळीने ठेवत, समोर कोंबड्या फिरत असल्या की तास-दोन तास निघून जात. जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून मनुकांचं पाणी.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा ती मोठ्याने रडली आणि पाय तसेच फाकवून पडून राहिली. हे सगळीच मुलं करतात. कातडी कोरडी, खवलेदार होती, कोमट पाण्याने चार-पाच दिवसांत साफ झाली. रात्री पाय उघडे ठेवणारा पट्टा आणखी सहा आठवडे. व्यायाम मुद्दाम काही सांगितला नाही, या वयात मूल स्वतःच आपला फिजिओथेरपिस्ट असतं. महिन्याभरात ती धरून उभी राहिली, अडीच महिन्यांत सुटी चालू लागली. लंगडणं मात्र लगेच गेलं नाही, कमरेच्या बाजूच्या स्नायूंना जोर यायला सात-आठ महिने गेले. तारा आम्ही छोट्याशा भुलेत काढल्या.

एक वर्षाच्या एक्स-रेत तुटलेली कमान सलग झाली होती, छपराचा उतार 21 अंशांवर आला होता, आणि गोळ्यातला हाडाचा ठिपका वाढून उजव्याच्या जवळ पोचला होता. वर्षभरात तो वाढला नसता तर रक्तपुरवठा तुटल्याची शंका होती. ती पहिली भीती टळली, पण सगळी नाही. गोळ्याच्या वाढीच्या रेषेला बाहेरच्या बाजूने झालेली इजा कधीकधी आठव्या-दहाव्या वर्षीच दिसते. म्हणून हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ही मुलगी आमच्याकडे येत राहणार. चालतेय, पळतेय, मग कशाला यायचं, असं वाटून चौथ्या-पाचव्या वर्षी बरीच कुटुंबं येणं थांबवतात, आणि नेमकी तीच मुलं सोळाव्या वर्षी दुखरा खुबा घेऊन परत येतात.

मुलगी तीन वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. एका भावंडाला हा दोष असेल तर पुढच्या बाळाला असण्याची शक्यता सुमारे शंभरात सहा असते, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. बाळ डोक्याकडून जन्मलं, मुलगा झाला. तरीही सहाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशीच त्यांनी साताऱ्यात त्याची खुब्याची सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफीत मोजतात तो वाटीचा कोन एक्स-रेतल्या उतारापेक्षा वेगळा, तो जास्त असलेला चांगला. दोन्ही बाजूंना तो 60 अंशांच्या वर आला, म्हणजे खुबे पक्के. त्याला काही उपचार लागला नाही. ताईचा पुढचा एक्स-रे ती पहिलीत गेल्यावर.